हवेचा नंबर

१

गावातली माणसं तिला तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'हवाबाई'. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. हवेवर पोट भरणारी दुसरी बाई गावात होती कुठे?

काम म्हटलं तर चिमूटभर होतं. डोंगरवाट जिथे सुरू होते तिथे, लोखंडी फाटकाला लागून, चौकीची एक खोली होती. रोज सकाळी आत जाण्याआधी फाटकाशी उभं राहून वर बघायचं. वाटेवर खुणेसाठी पांढरे रंगवलेले दगडी खांब होते. त्यातला पहिला खांब दिसला तर वाट मोकळी. ढग उतरून खांब दिसेनासा झाला तर वाट बंद, कारण त्या खांबाच्या पुढे वाट कड्याच्या अगदी काठाने जाते. खांब बघायचा, आत यायचं, मशीनचं बटण दाबायचं आणि बोलायचं. मग दिवसभर जो कोणी हवेच्या नंबरावर फोन लावेल त्याला हवाबाईचा आवाज ऐकू येई. "नमस्कार. आज डोंगरवाट मोकळी आहे. निघायला हरकत नाही. जपून या." किंवा, "आज डोंगरवाट बंद आहे. कृपया निघू नका." खांब बघूनच बोलायचं, एवढा एकच नियम होता.

या चार वाक्यांवर गावाचे बेत ठरत. शाळेच्या सहली, सायकलवाले, दुर्बीण गळ्यात अडकवून पाखरं मोजणारे, डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलं म्हणून कुरकुरत निघालेले, सगळे आधी हवाबाईला ऐकत. पाऊस आला तरी बोलणी तिलाच. "काय ताई, आमचा रविवार पार धुतलात की!" असं दुकानात कुणी म्हणालं की ती म्हणे, "मी फक्त सांगते हो, पाडत नाही."

सूचना बोलून झाली की ती स्वतःच्या मोबाइलवरून एकदा नंबर लावून ऐकायची. त्या सकाळी हवा लख्ख होती. खांब नुकताच रंगवल्यासारखा दिसत होता. तिने नंबर लावला आणि एका हाताने टेबल पुसत ऐकू लागली. "...निघायला हरकत नाही. जपून या."

यानंतर फोन कट व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग कुणी तरी पुरुष अगदी हळू, समजुतीने म्हणाला, "बरं."

२

फाटकाचे रखवालदार काका बाहेर पानं झाडत होते. हवाबाईने खिडकीतून विचारलं, "काका, मी बोलत होते तेव्हा तुम्ही आत आला होतात का?"

"मी? मी मघापासून या पानांशी झटतोय. का हो?"

"काही नाही. कुणाचा तरी आवाज आलाय मागे."

"वाऱ्याचा असेल," काका म्हणाले. त्यांच्या मते जगातली निम्मी भानगड वाऱ्याची असे आणि उरलेली निम्मी त्यांच्या सुनेची.

तिने सूचना पुसली. दार लावलं, खिडकी लावली, पुन्हा बोलली, पुन्हा ऐकली. "जपून या." शांतता. "बरं."

आवाज तिने ओळखला नव्हता असं नाही. तो तिने प्रत्यक्ष कधी ऐकला नव्हता, पण तो कुणाचा असणार हे तिला पहिल्याच वेळी कळलं होतं, आणि म्हणूनच तिने काकांना विचारलं होतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तिची बहीण आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीत बसवून द्यायचं होतं. चौकीवर यायला उशीर होणार. मग हवाबाईने आदल्या संध्याकाळीच, स्वच्छ आभाळ बघून, उद्याची सूचना आज बोलून ठेवली. असं ती अधूनमधून करायची. कधी काही बिघडलं नव्हतं. त्या सकाळी मात्र बहिणीला सोडून ती फाटकाशी आली तर खांबच काय, फाटकही हात लावून शोधावं लागलं, इतका ढग उतरलेला. धावत आत गेली. मशीनवर हिरवा दिवा होता. कुणी सूचना ऐकत असलं की तो पेटायचा. ती टेबलाशी पोहोचेपर्यंत तो विझला. तिने घाईघाईने नवी सूचना बोलली. वाट बंद आहे. कृपया निघू नका.

दिवा पेटवणारा माणूस गावातला घड्याळजी होता. घड्याळं दुरुस्त करणारा, मितभाषी, दर सुट्टीला डोंगर चढणारा. चौकीच्या खिडकीपुढून न जाता तो मागच्या पायवाटेने फाटकाच्या वर निघायचा, म्हणून तो कुणाला दिसला नाही. दोन्ही बाजूंनी माणसं लावून शोधलं, कड्याखाली दोर सोडले. तो सापडला नाही.

चौकशीच्या साहेबांनी नंबर लावून सूचना ऐकली आणि विचारलं, "सकाळपासून हीच होती?"

"हो," हवाबाई म्हणाली.

एवढंच ती खोटं बोलली. एक अक्षर. त्या अक्षराचं ओझं घेऊन ती वर्षभर जेवत होती, झोपत होती, दुकानात हसत होती.

३

घड्याळजींच्या बायकोला सगळा गाव वहिनी म्हणे. बाजारातल्या बोळात तिचं शिवणाचं दुकान होतं. फाटलेले रेनकोट, तुटक्या पट्ट्यांच्या पाठपिशव्या, चेन अडकलेली जाकिटं असं सगळं डोंगरावर जखमी होऊन आलेलं सामान तिच्याकडे दुरुस्तीला यायचं. हवाबाईचाही रेनकोट तिथे पडून होता. एरवी ती काकांना आणायला पाठवायची. त्या दिवशी तिचे पाय आपणहून तिकडे वळले.

"या ताई," वहिनी म्हणाली. "बसा. शेवटचा टाका राहिलाय."

हवाबाई स्टुलावर बसली. भिंतीवर घड्याळजींनी लावलेलं घड्याळ चालू होतं. त्या घड्याळाखाली वहिनीची मुलगी काऊंटरवर पुस्तक उघडून बसली होती. कॉलेजात जाणारी, शिडशिडीत, कपाळावर कायम आठी.

"एक विचारू का ताई?" वहिनी मशीनवरून नजर न उचलता म्हणाली. "हे फोन लावल्याशिवाय कधी निघायचे नाहीत हो. त्या दिवशीही लावला. मी आत भांडी घासत होते, पण मी ऐकलं. तुमचं बोलणं झालं की हे 'बरं' म्हणायचे. मशीनला! मी हसायचे, की अहो, ती काय ऐकतेय का तुमचं? तर म्हणायचे, कुणी काळजीने सांगितलं तर बरं म्हणावं. त्या दिवशीही म्हणाले. बंद आहे असं ऐकून माणूस बरं म्हणून बूट घालेल का?"

सांगायचं तर आता सांगायचं, असं हवाबाईचं मन कानीकपाळी ओरडत होतं.

"आई, पुरे ना," मुलगी म्हणाली. "सगळ्या गावाला माहितीये. बाबांनी ऐकलं आणि तरी गेले. त्यांना आमच्यापेक्षा डोंगर जवळचा होता. फाटकावर पाटी लावलीये तुम्ही लोकांनी, 'सूचना न ऐकणाऱ्याचं काय होतं' म्हणून. मी कॉलेजला जाताना रोज वाचते."

"ती पाटी गावच्या समितीने लावली," हवाबाई कशीबशी म्हणाली.

"पण खरंच आहे ना ते?"

वहिनीने दोरा दाताने तोडला. हवाबाई उठली, रेनकोट घेतला, "येते" म्हणाली आणि निघाली. या पोरीला तिचा बाप एका वाक्यात परत देता आला असता. ते वाक्य घशापाशी आलं आणि तिने ते आवंढ्यासारखं गिळलं. बोळाच्या तोंडाशी तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती भिंतीला टेकून उभी राहिली.

४

नंतरचे दिवस हवा चांगली होती आणि 'बरं' रोज येत होतं. पुढे त्याच्यामागे आणखी काही येऊ लागलं. आधी पिशवीची चेन ओढल्याचा आवाज. मग, काही दिवसांनी, बुटांची नाडी करकचून बांधताना माणूस सोडतो तसा श्वास. मग दार ओढून घेतल्याचा. हवाबाई डोळे मिटून ऐकायची आणि तिला कळायचं की आवाज एकेका दिवशी थोडा थोडा पुढे सरकतोय. तो निघाला होता. घरातून निघून तो बाजाराच्या दिशेने येत होता.

तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीन उघडून आत फुंकर मारली, मानेनेच नाही म्हणाला आणि नवीन मशीन बसवलं. नव्या मशीनवरही तेच. मेकॅनिकने आपल्या फोनवरून ऐकलं. "काही नाही हो ताई. तुमचाच आवाज आहे, एकदम खणखणीत." आपल्याला वेड लागलं असावं, असं तिला तेव्हा मनापासून वाटलं, आणि खोटं कशाला, जरा हायसंच वाटलं. वेड लागलं तर औषध तरी असतं.

मग ढग उतरला. हवाबाईने खांब बघितला, म्हणजे बघायला गेली आणि दिसला नाही, आणि आत येऊन बोलली, "आज डोंगरवाट बंद आहे." स्वतः ऐकायचं धाडस तिला झालं नाही. थोड्या वेळाने फाटकाशी कालवा ऐकू आला. एक शिक्षिका पोरांची रांग घेऊन आली होती आणि काका आडवे आले होते.

"अहो बाई, समोरचं दिसतंय का तुम्हाला? पोरांना घेऊन कुठे निघालात?"

"पण तुमच्याच नंबरावर ऐकलं मी," शिक्षिका चिडून म्हणाली. "मोकळी आहे, निघायला हरकत नाही. मी काय बहिरी आहे?"

हवाबाई बाहेर आली. शिक्षिकेने तिच्यासमोर पुन्हा नंबर लावला, आवाज मोठा केला. 'आज डोंगरवाट बंद आहे. कृपया निघू नका.' पोरं फिसफिस हसली. शिक्षिकेचा चेहरा पडला.

"सकाळी हे नव्हतं," ती हळू आवाजात हवाबाईला म्हणाली. "शप्पथ सांगते. मोकळी आहे म्हणालात तुम्ही. आणि मग मागे कुणी तरी बरं म्हणालं. मला वाटलं, तुमचे मिस्टर असतील."

हवाबाईने फाटकाच्या गजाला धरलं होतं आणि लोखंड ओलं, बर्फासारखं गार होतं. म्हणजे हे तिचं एकटीचं वेड नव्हतं. औषधाचा मार्गही बंद झाला होता.

५

दुसऱ्या दिवशी ती काकांना म्हणाली, "माझा घसा बसलाय. आज तुम्ही बोला."

काकांनी टोपी सारखी केली, छाती पुढे काढली आणि लग्नात भाषण करावं तसे मशीनपुढे उभे राहिले. "नमस्कार मंडळी! आज डोंगरवाट..." खांब दिसत होता. 'मोकळी' म्हणाले. शेवटी आपल्या मनाचं जोडलं, "येताना पाण्याची बाटली आणा, जाताना घेऊन जा, इथे टाकू नका." बोलून झाल्यावर त्यांनी आपल्या मोबाइलवर ऐकलं आणि खूश झाले. "काय आवाज लागलाय, बघा!"

हवाबाईने आपला फोन कानाला लावला.

काका नव्हतेच. तीच होती. "नमस्कार. आज डोंगरवाट मोकळी आहे." आणि 'मोकळी'वर मागून कुणी तरी दबक्या आवाजात खुदकन हसलं. ती तिची बहीण होती. त्या संध्याकाळी ती इथेच, या खिडकीत बसली होती आणि हवाबाईचा सरकारी आवाज ऐकून तिला हसू आवरलं नव्हतं. हवाबाईने डोळे वटारले होते तिला. तेच हसू. ती सूचना तिने स्वतःच्या बोटाने पुसली होती, मशीनही आता ते राहिलं नव्हतं.

"जपून या." "बरं." चेन, श्वास, दार. बाजारातल्या फरशीवरची पावलं. मग एक लांब, किनरा करकर आवाज, जो ती दिवसातून कितीदा तरी ऐकायची. फाटक उघडलं होतं.

तिने खिडकीतून बघितलं. फाटक बंद होतं. कडी लावलेली, त्यावर एक पाखरू बसलेलं.

"मागच्या पायवाटेने जायचा ना तो?" ती नकळत मोठ्याने म्हणाली.

"कोण?" काकांनी विचारलं. मग तिच्याकडे नीट बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. "ताई, तुम्हाला काय होतंय ते मला सांगता का? मी चुगली करणाऱ्यातला नाही."

चांगला माणूस. वर्षभर फाटकावरच्या पाटीवरची धूळ पुसत आलेला. हवाबाईला रडू फुटलं, पण तोंडातून निघालं ते हे, "उद्या सांगते, काका. उद्या नक्की." आणि तिने खरंच ठरवलं. उद्या आधी वहिनीकडे जायचं, मग साहेबांकडे, मग नोकरी जाईल ती जाऊ दे. ठरवल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली, आणि त्या झोपेचाच नंतर तिला सगळ्यात जास्त राग आला.

६

सकाळी ती चौकीशी आली तेव्हा दिवस उजाडला होता म्हणायचं इतकंच. ढगाने गाव गिळलं होतं. झाडांवरून पाणी टपटपत होतं. काका अजून यायचे होते. आधी वहिनीकडे, असं ठरलं होतं. पण आधी सूचना बोलायलाच हवी होती. बोलली. बंद आहे. कृपया निघू नका. हे शब्द तिने तीनदा बोलून ठेवले, मशीनच्या तोंडाशी तोंड नेऊन.

मग ऐकलं.

मोकळी आहे. बहिणीचं हसू. बरं. चेन, श्वास, दार, फरशी, फाटक. त्यापुढे खडीवरची पावलं, चढाची, एका लयीतली. ती ऐकत राहिली. वाटेतला सैल दगड डुगडुगला. पहिल्या वळणावरचं ओहोळाचं पाणी वाजलं. आणि मग तिला दुसरी पावलं ऐकू आली. हलकी, भराभर पडणारी, पहिल्यांना गाठायला बघणारी. एक बाई धापा टाकत म्हणाली, "अहो, जरा हळू चाला. मी येतेय ना."

वहिनी.

हवाबाई फोन हातात तसाच धरून बाहेर पळाली. फाटकाच्या गजांवर दवाचे थेंब दाट बसले होते. फक्त कडीपाशी, हाताने पुसावेत तसे ते पुसले गेले होते. आणि बाजाराच्या बाजूने कुणी तरी धावत येत होतं. ढगातून मुलगी बाहेर आली. पायात चपला, केस सुटलेले.

"आई इकडे आलीये का?"

"कधी निघाली?"

"मला काय माहीत! मी झोपले होते. ती रोज सकाळी तुमचा नंबर लावते. बाबांनी काय ऐकलं ते ऐकायचंय म्हणते. आज मला हलवून उठवलं, म्हणाली, मोकळी आहे गं, आणि ते बरं म्हणाले. मला वाटलं स्वप्नात बडबडतेय. मी कूस बदलली." तिचा आवाज चिरकला. "मी कूस बदलून झोपले हो ताई."

आता तरी. हवाबाईने पोरीचे दोन्ही दंड धरले.

"तुझ्या बाबांनी सूचना ऐकली होती. ती मोकळीची होती. मी आदल्या दिवशीच बोलून ठेवली होती, खांब न बघता. ते गेल्यावर मी ती बदलली आणि साहेबांना खोटं सांगितलं. त्यांनी काही चूक केली नाही. त्यांना वाटलं मी बघून सांगतेय."

मुलीच्या कपाळावरची आठी गेली आणि चेहरा एकाएकी लहान मुलीसारखा झाला. ती मारेल असं हवाबाईला वाटलं आणि तिने मारावं असंही वाटलं. पण पोर म्हणाली एवढंच, "मी वर्षभर त्यांना शिव्या घातल्या."

मग तिने फाटक ढकललं.

७

वाट हवाबाईच्या पायाखालची होती म्हणून त्या चढू शकल्या. हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. पहिला खांब हाताला लागला तेव्हा तिने मुलीचा हात त्यावर ठेवला. "इथून हलायचं नाही. खांब सोडायचा नाही. मी आईला घेऊन येते." मुलीने खांबाला मिठी मारली.

पुढे डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला काही नव्हतं. हवाबाई डाव्या हाताने गवत, दगड चाचपत सरकत होती. "वहिनी!" ती हाका मारत होती. "वहिनी, थांबा!" ढगात आवाज लांब जात नव्हता, तोंडापुढेच विरत होता. मनात एक हिशेबी आवाज अजून म्हणत होता की बाईला भास झालेत, तुलाही झालेत, वर कुणी नाही. तो आवाज तिला ओळखीचा होता. वर्षभर तोच तिला 'उद्या' म्हणायला शिकवत आला होता.

वाटेत एके ठिकाणी थोडा दगडी कठडा होता, त्याच्या शेवटच्या दगडाशी वहिनी उभी होती. घरातलेच कपडे, खांद्यावर शाल, आणि एक पाय पुढे टाकलेला, जिथे वाट उजवीकडे आहे असं वाटतं आणि नसते. तिच्या हातात फोन होता. त्यातून हवाबाईचाच आवाज येत होता, शांत, गोड, खात्रीचा. निघायला हरकत नाही.

"वहिनी, हरकत आहे!" हवाबाई ओरडली. "मागे या! ते खोटं आहे, मी तेव्हाही खोटं सांगितलं होतं!" आणि तिने सगळं सांगितलं. बहीण, गाडी, आदली संध्याकाळ, हिरवा दिवा, साहेब. रडत, अडखळत, शालीचं टोक मुठीत धरून.

वहिनीने पाय मागे घेतला. हातातला फोन गप्प झाला होता.

"दुकानात येऊन बसलीस," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा हवाबाईला अगं-तुगं करत होती. "मी तुला रेनकोट शिवून दिला."

"मला काय हवं ते करा. आधी खाली चला. पोर खांबापाशी उभी आहे."

"मला कशाला सांगतेस? मी तुझं ऐकून नव्हते आले, मी त्यांच्यामागे आले. ज्यांनी ऐकलं त्यांना सांग." तिने ढगाकडे मान वळवली. "तुझा आवाज ऐकून गेले. तुझाच ऐकून येतील. माझ्या हाका त्यांना पोहोचत नाहीत, मी मघापासून मारतेय."

तिने शाल सोडवून घेतली आणि हवाबाईला ओलांडून, डोंगराला धरून, ती खाली निघाली. लेकीकडे.

हवाबाई एकटी राहिली. खाली पळावं असं अंगातलं हाडन्‌हाड म्हणत होतं. ती कड्याकडे, त्या पांढऱ्या, रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी राहिली आणि रोजच्या आवाजात बोलायला गेली, पण तो आवाज निघेना. मग जो निघाला त्याने ती ओरडली.

"आज डोंगरवाट बंद आहे! मी खांब बघितला नव्हता! मागे फिरा हो! परत या!"

वर कुठे तरी, चालतच असलेली पावलं थांबली. ती थांबली तेव्हाच तिला कळलं की ती इतका वेळ चालत होती. मग खडी वाजली. उताराची चाल वेगळी असते, टाच आधी पडते. हवाबाईला ती ओळखता आली. ती खाली बसली आणि वाट मोकळी राहावी म्हणून डोंगराच्या अंगाला, दगडात शिरायला बघावं तशी, सरकली.

ढगातून एक हात बाहेर आला. बोटं पसरलेली, आंधळ्याने चाचपावं तशी हवेत फिरणारी. बाहीतून पाणी गळत होतं, धार लागल्यासारखं, आणि पाऊस नव्हता. हात तिच्या डोक्यावर टेकला. कठड्यावर टेकावा तसा, तेवढ्यापुरता, तोल सावरायला. गार होता आणि वजनाला फार जड होता. ती मान वर करणार होती. तिने बूट बघितले, बुटांच्या वर काय होतं ते थोडंसं बघितलं, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. हात उचलला गेला. खडी खालच्या बाजूला वाजत गेली.

थोड्या वेळाने खालून, खांबापासून, मुलीचा आवाज आला. त्यात भीती नव्हती, नुसती आशा होती.

"बाबा?"

मग काहीच नाही. आणि मग वहिनी, अगदी शांतपणे, तापाने फणफणलेल्या पोराला समजवावं तशी. "चेहऱ्याकडे बघू नकोस, बाळा. हात धर त्यांचा. चला, घरी जाऊ."

तीन माणसांची पावलं उतरत गेली. फाटक करकरलं. हवाबाई दगडाला पाठ लावून बसून राहिली, केसांतून मानेवर उतरणारं पाणी न पुसता. त्या घरातून तिने जो माणूस नेला होता तो हा नव्हता. पण परत करायला तिच्याकडे एवढंच होतं.